भात, गूळ आणि रक्तातली साय

धानाला पाणी लागते चार महिने, उसाला बारा. नवेगाव बांधचे तळे एवढे मोठे का बांधले गेले, याचे उत्तर या हिशेबात आहे. नुसते धानच पिकवायचे असते तर पावसाच्या भरवशावर आणि एखाद्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळीच्या आधारावर भागले असते. वैनगंगेच्या खोऱ्यात तसे भागवणारी गावे पुष्कळ होती. पण हे तळे बांधणाऱ्या कोहळी जातीच्या लोकांचा जीव उसात गुंतलेला होता. चैत्र-वैशाखातही आटणार नाही असे पाणी त्यांना हवे होते. म्हणून डोंगरांमधली जागा हेरून पाळ घातली गेली आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहिला.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हे काम केले, असे परंपरा सांगते आणि गॅझेटियरही तेच नोंदवते. तळ्याभोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. पाळ टिकेना तेव्हा त्यांनी कोलूला हात दिला, अशी कथा आहे. पुढे कोलू पाटलाचाच कोलासूर देव झाला. पाटबंधाऱ्याचे काम करणाऱ्याला देवपण मिळाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार नाहीत, आणि हल्ली तशी शक्यताही दिसत नाही.

कोहळ्यांबद्दल रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली आपल्या मध्य प्रांताच्या जातिवर्णनात लिहून ठेवले आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना या लोकांना घेऊन आला, ही कोहळ्यांची समजूत. तळी बांधणे ही त्यांची ख्याती. ऊस हे त्यांचे आवडते पीक. नवेगाव, सिरेगाव, सिवनी ही मोठी तळी त्यांचीच. दुर्बीण नाही, नकाशा नाही. जमिनीचा उतार नजरेने ओळखायचा, पावसाळ्यात ओहोळ कुठून कसे वाहतात ते पाहून ठेवायचे आणि नेमकी तिथे पाळ टाकायची. जादा पाणी जायला सलंग, शेतात पाणी सोडायला तुडूम. गोंड राजवटीत तळे बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन सवलतीने मिळे. तिला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूरकडच्या कित्येक गावांच्या नावांत हा शब्द अजून टिकून आहे. राजाला खजिन्यातून दमडी न काढता सिंचन मिळाले, कोहळ्याला गाव मिळाले. पुढे इंग्रजी अमलात या गावप्रमुखांचे मालगुजार झाले आणि तळी मालगुजारी तलाव म्हणून ओळखली जाऊ लागली.

या तळ्याने झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलमुलखातल्या माणसाला काय खाऊ घातले, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. नवेगाव बांध म्हटले की मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली आठवतात, पक्षी आठवतात, १९७५ साली झालेले राष्ट्रीय उद्यान आठवते. पाळीखालच्या धानाच्या बांध्यांमध्ये राबणाऱ्या माणसाचे ताट कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

ताटात मुख्य म्हणजे भात. सकाळी भात किंवा त्याची पेज, रात्री पुन्हा भात. कोहळ्यांच्या घरी गूळ. कापणीआधी उभ्या धानातच फेकून पेरलेली लाखोळी आणि जवस यांतून डाळ आणि तेल मिळे. धिवरांनी तळ्यातून काढलेले मासे आणि झिंगे, त्यांनीच लावलेले शिंगाडे, आणि पाण्यात आपोआप उगवणारे देवधान. जंगलातून मोहफूल येई. ते सुकवून खाल्ले जाई, गाळून प्यायलेही जाई. मोहाच्या बियांचे तेल दिव्याला आणि फोडणीला चाले. थोडक्यात, पोटात जाणाऱ्या उष्मांकांचा सगळ्यात मोठा वाटा पिष्टाचा, कोहळ्यांच्या घरात त्यावर साखरेचा आणि कित्येकांच्या बाबतीत अधूनमधून दारूचा. तेल-तूप बेताचे.

आजच्या एखाद्या डॉक्टरासमोर हे ताट ठेवले तर तो आधी रक्तातल्या ट्रायग्लिसराइडची चौकशी करील.

ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबीच. ग्लिसरीनच्या एका रेणूला स्निग्धाम्लांचे तीन रेणू जोडलेले. जवसाच्या तेलात तेच, तुपात तेच, पोटाच्या वळीतही तेच. चरबीची ही घडण फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली आपल्या ग्रंथात उलगडून दाखवली. मात्र रक्तातही चरबी असते हे त्याच्या कितीतरी आधी माणसाला दिसले होते, अगदी नुसत्या डोळ्यांनी. कोलू पाटलाच्या तळ्यापूर्वी साधारण अर्धे शतक, १६६५ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात रॉबर्ट बॉइलने कळवलेली एक हकिगत छापून आली. एका मोलकरणीने सकाळी सातच्या सुमारास पोटभर न्याहारी केली आणि अकराच्या सुमारास तिच्या पायातून रक्त काढले गेले. त्या काळी बहुतेक दुखण्यांवर हा उपाय चाले. भांड्यातले रक्त थोड्याच वेळात पांढरे पडले. रिचर्ड लोअर या वैद्याने पाहिलेला हा प्रकार बॉइलने शिरेतले दूध म्हणून नोंदवला. ट्रायग्लिसराइडची तपासणी उपाशीपोटी करायची प्रथा का पडली, ते या हकिगतीवरून कोणालाही कळावे.

पुढची अडीचशेहून अधिक वर्षे डॉक्टर ही खूण निरनिराळ्या ठिकाणी पाहत राहिले. १८५१ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन आणि विल्यम गल यांनी कातडीवरच्या पिवळट गाठींचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांमध्ये मधुमेह असलेला एक माणूस होता आणि त्याच्या अंगावर अशा पुळ्या एकाएकी उठल्या होत्या. कोपर, गुडघे, पाठ, नितंब या जागी टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, पिवळ्या आणि भोवती लाल कडा असलेल्या पुळ्या झुबक्याने येतात. गावाकडे त्यांना उष्णता समजून सोडून देतात किंवा खरूज समजून मलम लावतात. खरे तर ती रक्तातली चरबी असते, कातडीतल्या पेशींनी गिळलेली. रक्तातला आकडा उतरला की काही आठवड्यांत पुळ्या विरतात.

१८८० मध्ये फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट हाइल या नेत्रवैद्याने डोळ्याच्या आत डोकावून पाहिले तेव्हा पडद्यावरच्या रक्तवाहिन्या लाल नव्हत्या, सायीच्या रंगाच्या होत्या. रुग्णाची दृष्टी बहुधा शाबूत असते, म्हणून त्याला स्वतःला काही कळत नाही. हा प्रकार आकडा दोन-अडीच हजारांच्या आसपास पोचल्यावर दिसतो. १९३२ साली जर्मनीत बर्गर आणि ग्रुट्झ यांनी एका मुलाच्या आजाराचे वर्णन केले. त्याचे यकृत-प्लीहा वाढलेले, अंगावर पुळ्या आणि रक्त दुधाळ होते. हा दोष जन्मजात असतो, दहा लाखांत एखाद्याला होणारा.

या खुणांची गंमत अशी, की त्या दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. उपाशीपोटी दर डेसिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण ठीक, १५० ते १९९ काठावरचे, २०० ते ४९९ जास्त आणि ५०० पासून पुढे फारच जास्त, असे कोष्टक २००१ पासून रूढ आहे. अडीचशे-तीनशेवाल्या माणसाच्या अंगावर काहीही उमटत नाही. तो शेतात जातो, लग्नाला जातो, मंडईच्या जत्रेत नाटक पाहायला रात्रभर बसतो. आकडा हजाराच्या पुढे गेला की प्रयोगशाळेतल्या नळीत रक्तद्रव दुधासारखा दिसतो. एरवी तो गवती पिवळा आणि नितळ असतो. अशी नळी रात्रभर थंड ठेवली तर वर सायीचा थर जमतो. त्याच सुमारास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो. वरच्या पोटात असह्य कळ येते, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. या सगळ्या प्रकारात जीव घेणारी खूण हीच.

चरबी खाल्ली म्हणून रक्तात चरबी वाढते, हे लोअरच्या मोलकरणीवरून कळले होते. भाताने आणि गुळानेही ती वाढते हे कळायला आणखी तीन शतके गेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील एडवर्ड ॲरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली दाखवले की रुग्णांच्या आहारातली चरबी काढून त्या जागी पिष्ट-साखर घातली, तर कित्येकांचे ट्रायग्लिसराइड उतरायच्या ऐवजी चढते. यकृताला गरजेपेक्षा जास्त साखर मिळाली की ते तिची चरबी बनवते आणि रक्तात सोडते. गुळातल्या आणि साखरेतल्या फ्रुक्टोजचा निकाल तर मुख्यतः यकृतातच लागतो. दारूही त्याच वाटेने जाते. म्हणून तूप सोडले, तेल मोजून वापरले, तरी आकडा हलेना अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला आधी भाताची पानभर वाढणी आणि चहातली साखर विचारावी लागते.

आता प्रश्न असा, की नवेगावच्या जुन्या ताटात हेच सगळे होते, तर मग तेव्हा काय होत होते?

चरकसंहितेने याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगताना चरक दही आणि दूध सांगतो, पाण्यातल्या आणि पाणथळ मुलखातल्या प्राण्यांचे मांस सांगतो, नवे धान्य सांगतो, गुळाचे पदार्थ सांगतो. यादी वाचताना वाटते की कोणीतरी नवेगावच्या पाळीवर बसून लोकांची ताटे पाहत असावे. अर्थात तळे या ग्रंथानंतर कितीतरी शतकांनी झाले. पण यादीत सर्वांत आधी खाण्याची वस्तू नाहीच. पहिले कारण बसून राहण्याचे सुख, दुसरे झोपेचे सुख. प्रमेह म्हणजे ट्रायग्लिसराइड नव्हे. तरी मधुमेह आणि हे विकार एकाच घरात नांदतात, हे आज प्रत्येक डॉक्टर जाणतो, आणि त्या घरात शिरायची वाट चरकाने बरोबर दाखवली होती.

बसण्याचे सुख पाळीखालच्या माणसाला ठाऊक नव्हते. पऱ्हे उपटायचे, मोळ्या डोक्यावरून बांधीत न्यायच्या, चिखलात वाकून दिवसभर रोवणी करायची, पुढे कापणी, बांधणी, चुरणी. मग ढेकीवर नाहीतर उखळात घरच्यापुरते धान सडायचे. उसाचे काम याहून जड होते. तोडणी, रस काढायच्या चरकात कांडे घालणे, रात्रभर काहिलीखाली जाळ घालत राहणे. लाकडी चरकाची जागा बिहारच्या बिहियात १८७० च्या दशकात निघालेल्या लोखंडी चरकासारख्या यंत्रांनी घेतली तेव्हा बैलांचे कष्ट थोडे कमी झाले, माणसांचे फारसे नाहीत. शिवाय दर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढून तो शेतात टाकायचा असे. तळे जितके धान पिकवी तितकेच काम काढी.

या कष्टाचा रक्ताशी नेमका संबंध काय, हे सुद्धा उशिराच कळले. १९४३ साली अमेरिकेत पॉल हान या संशोधकाला आढळले की जेवणानंतर गढूळ झालेले कुत्र्याचे रक्त हेपारिन टोचताच नितळ होते. या सुतावरून पुढे लायपोप्रोटीन लायपेज या विकराचा शोध लागला. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर हे विकर असते आणि रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून ते स्नायूंना जळण म्हणून देते. स्नायू राबले की ते वाढते, बसून राहिले की मंदावते. रोवणीत वाकलेल्या बाईच्या मांड्या आणि पाठ दिवसभर रक्त गाळत होत्या. यकृत चरबी भरत होते आणि स्नायू ती जाळत होते. तळ्यानेच दोन्हींची सोय केली होती.

ही जोडी फुटायला सुरुवात कधी झाली, याची एक तारीख देता येते. मालकी हक्क नष्ट करणाऱ्या १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. लोकांच्या तोंडी ती झाली ‘मामा तलाव’, माजी मालगुजारी. मालगुजार गेला याचे दुःख कोणी करू नये. वेठबिगारीवर उभ्या राहिलेल्या पाळीही या मुलखात होत्या. पण गाळ काढण्याचे काम ज्या सरकारी खात्यांच्या अंगावर आले त्यांना ते झेपले नाही आणि कित्येक तळी उथळ होत गेली. उथळ पाण्यात बारमाही ऊस तगत नाही. त्याच १९५० साली तिकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि महाराष्ट्राच्या मनात ऊस म्हणजे पश्चिमेचे पीक असे पक्के बसले. कोहळ्यांचा ऊस मागे पडला. साखर मात्र मागे पडली नाही. ती पांढरी होऊन, पोत्यातून, रेशनच्या दुकानातून परत आली. जो ऊस पिकवायला वर्ष लागे आणि ज्याचा गूळ करायला रात्री जागाव्या लागत, त्याचा गोडवा आता बसल्या जागी मिळू लागला.

धानाचेही असेच झाले. गोंदियात भातगिरण्या उभ्या राहिल्या, ढेकी अंगणातून गेली आणि कोंड्याचा पातळ थरही तिच्याबरोबर गेला. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची गोष्ट थोडी वेगळी. वाफवताना त्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. पण प्रतिष्ठा मिळाली ती बारीक, पांढऱ्या, पॉलिश केलेल्या दाण्याला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून सिद्ध केलेले एचएमटी हे वाण घड्याळाच्या नावाने देशभर गेले. वाण उत्तम, आणि शिक्षण-साधने हाताशी नसताना ते सिद्ध करणाऱ्या या शेतकऱ्याचे श्रेय निर्विवाद. फक्त असा तांदूळ मऊ, झटपट शिजणारा आणि सहज पोटभर खाल्ला जाणारा असतो, ही गोष्ट यकृत विसरत नाही.

माशांचे काय? १९७१ साली डॅनिश संशोधक बँग आणि डायरबर्ग यांनी ग्रीनलंडच्या इनुइटांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड बरेच कमी असल्याचे नोंदवले आणि समुद्री माशांच्या तेलाचा बोलबाला झाला. नवेगावच्या गोड्या पाण्यातल्या माशांत हे तेल समुद्री माशांइतके नसते. जवसातले स्निग्धाम्ल त्याच कुळातले असले तरी ट्रायग्लिसराइडवर त्याचा प्रभाव माफकच. तेव्हा जवसाच्या चटणीला औषध म्हणून डोक्यावर घेण्यात अर्थ नाही. पण भाताबरोबर मासा असला की भात कमी लागतो, हा फायदा खरा. तोही आटत गेला. तळी लिलावाने आणि सहकारी संस्थांकडे गेल्यावर रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले, स्थानिक जाती कमी झाल्या, काठावर बेशरमाची झुडपे माजली. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ धिवरांच्या संस्थांबरोबर तळ्यांत देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे आणि देशी मासे परत आणण्याचे काम करते. ते पक्ष्यांसाठी जितके गरजेचे आहे तितकेच ताटासाठीही.

परिणाम किती झाला, याचे चार प्रदेशांचे मिळून एक उत्तर २०१४ साली मिळाले. डॉ. शशांक जोशी आणि सहकाऱ्यांनी आयसीएमआर-इंडियाब पाहणीतले २,०४२ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या शहरांतली आणि खेड्यांतलीही माणसे त्यात होती. २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त निघाले, तर कोलेस्टेरॉल जास्त असलेले फक्त १३.९ टक्के. म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण घाबरतो त्याच्या दुपटीहून अधिक घरांत हा दुसरा पाहुणा मुक्कामाला आहे. भात-पोळीवर जगणाऱ्या देशात आकडे असेच यायचे.

बारीक माणसांनी यातून आपण सुटलो असे समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात त्यांना दिसले होते की आपली मुले जन्मतःच हडकुळी पण चरबी राखून असलेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राबलेल्या शरीराला चरबी साठवणे चांगले जमते. अशा शरीराच्या हातून कुदळ काढून घेतली आणि समोरचा भात तेवढाच ठेवला, तर जे व्हायचे तेच होते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, मोटारसायकल यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाकलेली पाठ सरळ व्हावी हे रोवणीतल्या बाईचेच स्वप्न होते आणि ते रास्त होते. वाढणी मात्र जुन्या कष्टांच्या मापाची राहिली, चूक तिथे आहे.

तपासणीच्या कागदावर ट्रायग्लिसराइडची ओळ बहुधा कोलेस्टेरॉलखाली असते आणि नजरेतून निसटते. ती आवर्जून वाचावी. आकडा दीडशे ते पाचशेच्या दरम्यान असेल तर गूळ-साखर आणि दारू आधी तोडावी, भात निम्मा करावा, रोज चालावे आणि मधुमेह आहे का हे तपासून घ्यावे. घरात कोणाच्या कोपरा-गुडघ्यांवर पिवळ्या पुळ्यांचे झुबके उठले तर मलम लावण्याआधी रक्त तपासावे. आकडा पाचशेच्या पुढे असेल तर डॉक्टरांचे औषध टाळू नये. आणि अशा माणसाच्या पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ उठली, तर पित्ताची गोळी घेऊन रात्र काढू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तिथल्या डॉक्टरांना आपला ट्रायग्लिसराइडचा आकडा आपण होऊन सांगावा.